झिजलेल्या कुलपाची नीती

नीतीचे प्रश्न मोठ्या प्रसंगीच उद्भवतात असा एक समज आपल्यांत रूढ आहे. राज्य सोडावे की न सोडावे, वचन पाळावे की प्राण राखावा, असल्या पेचांतच धर्माधर्माचा निर्णय करावयाचा असतो. रोजच्या संसारात जे घडते ते निव्वळ सोयीगैरसोयीचे, असे आपण धरून चालतो. आमचे मत याहून थोडे निराळे आहे. ज्या वस्तू पुरत्या मोडलेल्या नाहीत आणि धड चालतही नाहीत, त्यांच्याशी गृहस्थ कसा वागतो यावरून त्याच्या नीतीची जितकी पारख होते, तितकी मोठ्या प्रसंगांवरून क्वचितच होत असेल. कारण मोठे प्रसंग आयुष्यात एकदोनदाच येतात, आणि नादुरुस्त वस्तू प्रत्येक घरी बारमाही नांदत असतात. प्रस्तुत लेखात अशाच एका क्षुद्र वस्तूचा विचार करण्याचे आम्ही योजिले आहे. ती वस्तू म्हणजे जुन्या मोटारीचे, किल्ली फिरवून इंजिन सुरू करावयाचे, झिजलेले कुलूप.

ज्या घरी पंधरा-वीस वर्षे वापरलेली मोटार आहे तेथील मंडळींस या कुलपाची लक्षणे सांगावयास नकोत. किल्ली आत जाते, पण फिरत नाही. मग ती केसभर बाहेर ओढावी, किंचित वर उचलावी, दोनदा हलवावी, आणि एक विशिष्ट कळ साधली म्हणजे ती निमूटपणे फिरते. हे मंत्रतंत्र घरातील एकदोघांस पाठ असतात, आणि त्यांविषयी घरात एक प्रकारचे कौतुकही असते. गाडी बाबांच्याच हाताला ओळखते, असे मुले पाहुण्यांना अभिमानाने सांगतात. पुढे काही वर्षांनी याच कुलपाचा दुसरा गुण प्रकट होतो. दुचाकीची किल्ली, कपाटाची किल्ली, क्वचित् नुसता पेचकस घातला तरी ते फिरू लागते. शेवटी तिसरा गुण दिसतो. गाडी चालू असतानाच किल्ली अलगद हातात येते, आणि इंजिन मात्र चालूच राहते. या तिन्ही गोष्टींवर घरात हसू होते, आणि दुरुस्तीचा विषय पुढल्या महिन्यावर जातो.

ही केवळ दुरुस्तीची दिरंगाई आहे की तीत काही नैतिक दोष आहे, हा आमचा प्रश्न आहे. त्याचा विचार करण्यापूर्वी या कुलपाची घडण थोडी समजून घेतली पाहिजे, कारण प्रश्नाचे मर्म त्या घडणीतच आहे.

मोटारींच्या आरंभकाळी इंजिन सुरू करण्यास किल्लीचा उपयोग नव्हता. पुढील बाजूस लोखंडी हँडल घालून ते हाताने फिरवावे लागे, आणि ते उलट फिरले तर मनगट मोडे. चार्ल्स केटरिंग यांनी तयार केलेले विजेचे स्टार्टर १९१२ साली कॅडिलॅक मोटारीस बसविण्यात आले आणि हा त्रास संपत चालला. तरीही किल्लीचे काम बराच काळ विजेचा प्रवाह जोडण्यापुरतेच राहिले; स्टार्टरसाठी निराळे बटन वा खटका असे. एकच किल्ली फिरविली म्हणजे प्रवाहही जोडला जावा आणि इंजिनही सुरू व्हावे, ही सोय क्रायस्लर कंपनीने १९४९ साली आणली. पुढे याच किल्लीकडे स्टिअरिंगचे चाक जखडून ठेवण्याचे कामही आले. अशा रीतीने एका बोटभर धातूच्या तुकड्याकडे तीन कामे जमा झाली: प्रवेश देणे, चालना देणे आणि बंधन घालणे.

या कुलपाच्या आत एक फिरता गाभा असतो, आणि बहुतेक मोटारींत त्या गाभ्यात पातळ पितळी पत्र्यांची रांग बसविलेली असते. प्रत्येक पत्रीस मधोमध एक खिडकी असते व तिच्या मागे एक बारीक स्प्रिंग असते. किल्ली नसताना या पत्र्या गाभ्याबाहेर डोकावून त्यास अडवून धरतात. योग्य किल्ली आत गेली म्हणजे तिचे दाते त्या खिडक्यांतून जाऊन प्रत्येक पत्रीस नेमके तिच्या वाट्याचे तेवढेच सरकवितात. सगळ्या पत्र्या एकदम गाभ्याशी समतल होतात, आणि गाभा फिरतो. एखादी पत्री जरा अधिक वा उणी राहिली तर तो फिरत नाही. कुलपाचा सारा शहाणपणा या तारतम्यात आहे.

आता दहा-पंधरा वर्षे दिवसातून चारपाच वेळा किल्ली घातली व काढली म्हणजे काय होते? किल्लीचे दाते बोथट होतात, आणि पत्र्यांच्या खिडक्यांच्या कडाही घासून रुंदावतात. किल्लीबरोबर घराच्या, कचेरीच्या आणि तिजोरीच्या किल्ल्यांचा जुडगा लटकत असेल तर त्याच्या वजनाने ही झीज अधिकच होते. झिजेचे परिणाम दोन दिसतात, आणि ते परस्परविरुद्ध आहेत. पत्री जेथे पुरेशी सरकत नाही तेथे कुलूप खऱ्या किल्लीस नाकारते. जेथे ती कशानेही सरकते तेथे ते खोट्या किल्लीसही स्वीकारते. सारांश, झिजलेले कुलूप धन्यास अडविते आणि परक्यास वाट देते. ज्या दोन गोष्टींचा भेद करण्यासाठी ते जन्मास आले, तो भेदच त्यास कळेनासा होतो. मनुष्याच्या विवेकबुद्धीची झीज याच रीतीने होते, हे चतुर वाचकांच्या ध्यानात आलेच असेल. सवयीने बोथटलेले मन जवळच्या माणसाच्या रास्त मागणीला अडून बसते, आणि कोणा तिऱ्हाईताच्या गोड शब्दाने मात्र सहज फिरते.

तथापि दुसरी बाजूही ऐकून घेतली पाहिजे. जुनी वस्तू सांभाळून वापरणे हा मध्यमवर्गाचा एक सद्गुण आहे, आणि तो केवळ कंजूषपणातून आलेला नाही. मुंबईच्या रस्त्यांवर काळ्या-पिवळ्या रंगाच्या प्रीमियर पद्मिनी टॅक्सी कित्येक दशके धावल्या. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेल्या या गाड्यांपैकी टॅक्सी म्हणून शेवटची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ रोजी झाली, आणि टॅक्सीस घातलेली वीस वर्षांची मर्यादा भरल्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून त्यांची सेवा संपली. या गाड्या जेवढ्या चालल्या तेवढ्या चालविणाऱ्यांच्या हातगुणाने चालल्या. कोठला खटका किती दाबावयाचा, कोणता गिअर कसा उचलावयाचा, याचे ज्ञान त्यांच्या बोटांत होते. असे ज्ञान तुच्छ लेखणे आम्हांस मुळीच मान्य नाही. वस्तू थोडी बिघडली की टाकावी आणि नवी आणावी, या वृत्तीपेक्षा तिच्या कलाने घेणारी वृत्ती अधिक सुसंस्कृत आहे, असेच आम्ही म्हणू.

परंतु हातोटी आणि दुरुस्ती या दोन गोष्टी एक नव्हेत. हातोटीने दोष नाहीसा होत नाही. तो केवळ हातोटी असणाऱ्यापुरता झाकला जातो. ज्याच्या हातास कळ ठाऊक आहे त्यास गाडी निर्दोष वाटू लागते, आणि म्हणून ती दुरुस्त करण्याची निकड त्यासच सर्वांत कमी भासते. मध्यरात्री घरात कोणास झटका आला, कळ ठाऊक असलेला गृहस्थ गावी गेला आहे किंवा तोच अंथरुणावर पडला आहे, आणि सून किंवा मुलगी किल्ली घेऊन गाडीकडे धावली, म्हणजे त्या झाकलेल्या दोषाचे सारे मोल तिला एकटीला मोजावे लागते. ती घाईने जोर लावते, आणि किल्ली आतच मोडते. आपल्या कौशल्याने आपण दोष सोसला असे त्या गृहस्थास वाटत असते. वस्तुतः त्याने तो दुसऱ्याच्या नावे लिहून ठेविलेला असतो. आपल्या संसारांत असे कितीतरी दोष एका माणसाच्या हातोटीवर चालत असतात. हिशेब एकालाच कळतो, तापट वडिलांची समजूत एकटी आईच काढू शकते, औषधांची वेळ एकाच्याच लक्षात असते. तो हात थकला म्हणजे घर एकाएकी मोडले असे आपण म्हणतो. खरे पाहता ते केव्हाच मोडलेले असते.

दुरुस्तीच्या रीतीतही विचार करण्याजोगे पुष्कळ आहे. पहिली गोष्ट अशी की, अडलेले प्रत्येक कुलूप झिजलेले नसते. पुष्कळदा पुढील चाक फूटपाथला टेकलेले असते, त्यामुळे स्टिअरिंगच्या बंधावर ताण येतो व किल्ली अडते. अशा वेळी एका हाताने चाक थोडे सैल करून दुसऱ्या हाताने किल्ली फिरविली की काम होते. केव्हा आत धूळ साचलेली असते. तेथे तेल ओतण्याचा मोह अनावर होतो, परंतु तेलाने धुळीचा चिखल होतो. म्हणून जाणते कारागीर ग्राफाइटची कोरडी पूड वापरतात, जी शिसपेन्सिलीच्या शिशात असते. याने भागले नाही तर मग दोष किल्लीचा की कुलपाचा, हे ठरविले पाहिजे. त्याची कसोटी प्रत्येक घरी असते, पण ती कोणास सुचत नाही. गाडी घेतेवेळी दोन किल्ल्या मिळालेल्या असतात. त्यांपैकी एक रोज झिजते, आणि दुसरी कपाटाच्या खणात, कागदपत्रांच्या पिशवीत, जशी आली तशी पडून असते. ती न वापरलेली किल्ली आणून लावावी. तिने कुलूप सहज उघडले तर झीज मुख्यतः किल्लीची. तिनेही उघडले नाही तर कुलपाची.

येथे बहुतेक लोक एक चूक करतात. रोजची झिजलेली किल्लीच ते कोपऱ्यावरच्या किल्लीवाल्याकडे नेतात आणि तिच्यावरून दुसरी करून घेतात. किल्लीवाला प्रामाणिक असतो. तो समोरच्या किल्लीची हुबेहूब नक्कल करतो, म्हणजे तिच्या झिजेचीही नक्कल करतो, आणि त्यात कानशीच्या हाताची थोडी भर पडते. पुढे ती नक्कल झिजली की तिच्यावरून तिसरी. अशा चारपाच पिढ्यांनंतर जी किल्ली हाती राहते तिचे मूळ किल्लीशी नाते केवळ नावाचे असते. योग्य रीत निराळी आहे. प्रत्येक किल्लीचा एक सांकेतिक अंक असतो. तो गाडीबरोबर आलेल्या पट्टीवर कोरलेला असतो, केव्हा कुलपावरही असतो. त्या अंकावरून दात्यांची मूळ मापे कळतात, आणि त्या मापांची किल्ली नव्याने कापता येते.

आचारांच्या बाबतीत आपली स्थिती पुष्कळशी अशीच आहे. वडिलांनी जे केले ते आम्ही करतो, आणि त्यांनी ते आजोबांचे पाहून केले. प्रत्येक पिढी मागल्या पिढीच्या वर्तनाची नक्कल करते, आणि मूळ हेतूची मापे मात्र कोणी पाहत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात महाराष्ट्रात सुधारणेचा जो मोठा वाद झाला त्यात या प्रश्नाची दोन उत्तरे दिली गेली. न्यायमूर्ती रानडे यांच्या लिखाणाचा ओढा पुष्कळ वेळा असा दिसतो की, आजची रूढी ही जुन्या शास्त्राची बिघडलेली प्रत आहे. मुळाकडे जा, म्हणजे सुधारणेस आधार सापडेल. आगरकरांचा भर बुद्धिप्रामाण्यावर होता. मूळ काहीही असो, आजच्या विवेकास जे पटेल तेच प्रमाण. आमच्या दृष्टान्ताच्या भाषेत बोलावयाचे तर एकाने मूळ किल्ली शोधण्यास सांगितले आणि दुसऱ्याने कुलूपच नवे बसविण्यास. या दोहोंत विरोध मानण्याचे कारण नाही. कुलूप बरे असेल तर मूळ मापाची किल्ली पुरते. पत्र्याच झिजून गेल्या असतील तर निर्दोष किल्लीही तेथे निरुपयोगी ठरते. आधी परीक्षा, मग उपाय, एवढा क्रम पाळला म्हणजे झाले. दोघांनीही जे एकमुखाने नाकारले असते ते म्हणजे झिजलेल्या किल्लीवरून आणखी एक झिजलेली किल्ली करीत राहणे.

आतापर्यंतचा विचार घरच्या मंडळींपुरता झाला. परंतु हे कुलूप कोणत्याही किल्लीने फिरू लागले म्हणजे प्रश्न घराबाहेर जातो. येथे एक आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. आक्षेपक म्हणेल, माझी वस्तू मी सैल ठेविली म्हणून ती चोरण्याचा अधिकार कोणास प्राप्त होत नाही. चोरी झाली तर पाप चोराचे. माझे नुकसान झाले ते झाले, वर दोषही माझ्याच माथी का? चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याचाच हा प्रकार नव्हे काय?

हा आक्षेप कपाटाच्या कुलपाविषयी खरा आहे. मोटारीच्या कुलपाविषयी तो खरा नाही. कपाटाचे कुलूप धन्याच्या मालाचे रक्षण करते. मोटारीचे कुलूप धन्याच्या मालाचे रक्षण तर करतेच, पण त्याहून अधिक ते रस्त्यावरून चालणाऱ्यांचे रक्षण करते. कारण ते ज्या वस्तूस आवरून धरते ती टनभर वजनाची आणि ताशी शंभर किलोमीटर धावणारी असते. अमेरिकेत १ जानेवारी १९७० पासून नव्या मोटारींस अशी सक्ती झाली की, किल्ली काढली म्हणजे इंजिन सुरू होता कामा नये, आणि स्टिअरिंग किंवा गाडीची पुढील गती तरी जखडली गेली पाहिजे. ही सक्ती अपघात टाळण्याच्या नियमांत घातलेली आहे हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. चोरलेली मोटार बेफाम चालविली जाते, आणि तिच्याखाली सापडणारा मनुष्य बहुधा तिचा मालक नसतो.

आपल्याकडील कायदाही याच दिशेने गेला आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली जी दुरुस्ती झाली तीत १९९ अ हे कलम आले. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर त्याचा पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड अशी शिक्षा त्यात सांगितली आहे. मात्र हे आपल्या नकळत घडले, किंवा ते घडू नये म्हणून आपण सर्व योग्य ती खबरदारी घेतली होती, असे मालकाने सिद्ध केले तर तो सुटतो. चौदा वर्षांच्या मुलास सायकलच्या किल्लीने बाबांची गाडी सुरू होते हे ठाऊक आहे, आणि ते त्यास ठाऊक आहे हे बाबांस ठाऊक आहे. अशा घरात किल्ली कपाटात ठेविली होती, हे सांगणे खबरदारीचे होईल काय? न्यायालय काय म्हणेल ते म्हणो, मनाच्या न्यायासनापुढे हे उत्तर टिकावयाचे नाही. ज्या कुलपावर जेवताना सर्वांनी हसून घेतले, त्याच कुलपाने पुढे कोणाचे मूल चिरडले गेले, तर ते हसणे कोणत्या नावाने आठवेल?

सैल कुलपाची किंमत किती होऊ शकते याचे एक दारुण उदाहरण अलीकडच्या इतिहासात घडले आहे. त्यातला दोष झिजेचा नव्हता, मुळच्या घडणीचा होता; पण त्याचे स्वरूप आमच्या विषयास फार जवळचे आहे. अमेरिकेतील जनरल मोटर्स कंपनीच्या काही गाड्यांत कुलपामागील खटका ठरलेल्या मापापेक्षा नरम होता. जड जुडग्याने किंवा गुडघ्याच्या धक्क्याने किल्ली चालत्या गाडीतच मागे सरके. मग इंजिन बंद पडे, स्टिअरिंग जड होई, आणि अपघाताच्या क्षणी हवेच्या पिशव्या उघडत नसत. खटका मापास उतरत नाही हे २००२ सालीच माहीत असताना तो स्वीकारला गेला. २००६ साली तो गुपचूप सुधारण्यात आला, पण सुट्या भागाचा क्रमांक बदलला नाही. त्यामुळे जुना व नवा भाग एकाच नावाने वावरू लागले आणि दोष शोधणाऱ्यांस वाट सापडेना. अखेरीस एका मृत तरुणीच्या दाव्यात नेमलेल्या तज्ज्ञाने दोन खटके उघडून शेजारी ठेविले, तेव्हा हा भेद उजेडात आला. २०१४ साली सुमारे २६ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या, आणि भरपाईच्या निधीने १२४ मृत्यू या दोषाशी जोडले. २०१५ साली कंपनीने अमेरिकी सरकारशी तडजोड करून ९० कोटी डॉलर भरले. त्याच कंपनीने २०१४ च्या एप्रिलमध्ये चालू इंजिनातून किल्ली निघून येते म्हणून कुलपांचे गाभेही बदलून देण्याचे जाहीर केले होते. ज्या गुणावर आपल्या घरी हसू होते तोच हा गुण.

या प्रकरणाची जी चौकशी झाली तिच्या अहवालात एक वर्णन आहे, ते कोणत्याही नीतिग्रंथात शोभेल. बैठकीत उपाय सुचविला जाई, उपस्थित सर्व मंडळी संमतीदर्शक मान डोलवीत, आणि मग कोणीही काहीही न करता उठून जाई. कंपनीत या मान डोलविण्यास एक नावच पडले होते. मोठ्या कारखान्यातील त्या मंडळींस राक्षस समजण्याचे कारण नाही. कुलूप बदलले पाहिजे हं, असे म्हणून आपल्या घरी जी मान डोलविली जाते, ती याच कुळातील आहे. त्यांच्या मानेचे परिणाम लाखो गाड्यांवर झाले, आपल्या मानेचे एका गाडीवर होतील, एवढाच काय तो फरक. म्हातारी मेल्याचे दुःख नाही, पण काळ सोकावतो, ही आपल्या वडिलांची म्हण अशाच प्रसंगासाठी आहे. एक दिवस सैल कुलपावर निभावले याचे विशेष काही नाही. निभावते आहे ही सवय जडते, ते वाईट.

आता शेवटचा आणि सर्वांत नाजूक प्रश्न. जुनी गाडी केव्हातरी विकावयाची असते. गिऱ्हाईक येते, आणि गृहस्थ आपल्या सरावलेल्या हाताने किल्ली फिरवून इंजिन सुरू करून दाखवितो. कुलपाविषयी तो खोटे बोलत नाही. तो काहीच बोलत नाही. हे मौन निर्दोष आहे काय?

१८७२ च्या भारतीय करार कायद्यात या प्रश्नाचा विचार फार सूक्ष्मपणे केलेला आहे. सतराव्या कलमाखाली दिलेले दृष्टान्त पाहण्यासारखे आहेत. एकाने लिलावात घोडा विकला. तो सदोष आहे हे विकणारास ठाऊक आहे, पण तो बोलत नाही. कायदा म्हणतो, हा कपट नव्हे. परंतु विकत घेणारी जर त्याची स्वतःची, नुकतीच वयात आलेली मुलगी असेल, तर त्या नात्यामुळेच दोष सांगणे त्याचे कर्तव्य ठरते. आणि घेणाराने, तुम्ही नाकारले नाही तर घोडा निर्दोष आहे असे मी धरीन, असे म्हटले असता विकणारा गप्प राहिला, तर ते गप्प राहणे बोलण्याच्या बरोबरीचे आहे. याज्ञवल्क्यस्मृतीने हाच प्रश्न निराळ्या बाजूने सोडविला. घेणारास वस्तू पारखण्यासाठी तिने मुदती दिल्या: लोखंडास एक दिवस, वाहतुकीच्या जनावरास पाच दिवस, रत्नांस सात, बियाण्यास दहा. जो दोष जितका खोल दडतो तितका त्यास उघडे पडण्यास वेळ द्यावा, हे त्यामागील तत्त्व असावे असे आम्हांस वाटते. रोमन पंडित सिसेरो याने इ. स. पूर्व ४४ मध्ये लिहिलेल्या कर्तव्यविषयक ग्रंथात सदोष घर विकणाऱ्याची गोष्ट घेऊन दोन तत्त्वज्ञांचा वाद मांडिला आहे. डायोजेनीस म्हणतो, त्याने तुला घे म्हणून आग्रह केला नव्हता. अँटिपेटर म्हणतो, वाट चुकलेल्यास वाट न दाखविणे जर पाप, तर जाणूनबुजून त्यास चुकीच्या वाटेस जाऊ देणे त्याहून मोठे पाप. सिसेरोचा कौल सांगण्याच्या बाजूने पडतो.

कायद्याने जो भेद मुलगी आणि परका यांत केला तो कायद्यापुरता योग्य आहे. व्यवहारातील प्रत्येक मौनास शिक्षा देऊ लागल्यास बाजार चालणार नाहीत. परंतु नीतीस हा भेद मान्य करता येत नाही. किंबहुना नीतीचा आरंभच तेथे होतो, जेथे आपण परक्याकडे आपल्या मुलीस दाखविला असता तसा प्रामाणिकपणा दाखवितो. हीच गाडी मी मुलीच्या हाती दिली असती, तर किल्ली देताना काय सांगितले असते? कुलूप अमुक रीतीने अडते, जुडगा अडकवू नकोस, रात्री एकटी असताना यावर विसंबू नकोस, आणि पहिल्याच आठवड्यात ते बदलून घे. हेच चार शब्द गिऱ्हाईकास सांगावे, आणि किमतीतून तेवढे वजा करावे. अगर विकण्यापूर्वीच ते बदलून द्यावे. १८९७ साली मुंबईत कुलपांचा कारखाना काढणारे आर्देशिर गोदरेज हे आरंभी वकील होते, आणि अशिलासाठी असत्य बोलण्यास मन घेईना म्हणून त्यांनी तो धंदा सोडला, असे त्यांच्या चरित्रात सांगतात. कुलपे करणाराचे मन असे असावे हे योग्यच आहे. कुलूप विकणाऱ्याचेही तसे असण्यास हरकत नसावी.

कोणी म्हणेल, दोषाचा असा बोभाटा केल्याने चोरांचेच फावेल. हाही वाद जुना आहे. लंडनच्या ब्रामा यांच्या दुकानात एक कुलूप साठ वर्षे आव्हान म्हणून मांडलेले होते. १८५१ च्या महाप्रदर्शनाच्या वेळी आलेल्या हॉब्ज नावाच्या अमेरिकी कारागिराने सोळा दिवसांत मिळून ५१ तास खपून ते उघडले, तेव्हा अशा गोष्टी उघड बोलाव्या की नाही यावर इंग्लंडात मोठी चर्चा झाली. हॉब्जच्या बाजूचे म्हणणे असे होते की, चोरांना त्यांचा धंदा आधीच ठाऊक असतो. अज्ञानात राहतो तो बिचारा मालक. आम्हांसही ते बरोबर वाटते. झाकलेल्या दोषाने चोराचे काही अडत नाही. अडते ते त्याचे, ज्याने विश्वास ठेविला.

या सर्वांवरून आम्ही सैलपणाचेच वैरी आहोत असा ग्रह कोणी करून घेऊ नये. गावाकडे दिवसा दाराला कडी न लावणारी घरे आम्ही पाहिली आहेत, आणि त्यांच्याविषयी आम्हांस आदर आहे. परंतु ते दार घरधन्याने आपण होऊन उघडे ठेविलेले असते. येणाऱ्याचे स्वागत करावे असा त्यामागे त्याचा संकल्प असतो, आणि वेळ पडल्यास ते लावताही येते. झिजलेले कुलूप कोणाच्याही संकल्पाने उघडे नसते. ते लावलेले आहे असे दिसते आणि लावलेले नसते. औदार्य आणि ढिलाई यांत जो भेद आहे तो हाच. क्षमाशील मनुष्य अपराध ओळखून तो पोटात घालतो. ढिला मनुष्य अपराध ओळखीतच नाही, आणि त्यासच क्षमा म्हणवून घेतो. पहिल्याच्या सहवासात माणसे निर्धास्त होतात. दुसऱ्याच्या सहवासात ती केवळ अद्याप सुरक्षित असतात.

झीज ही वापराची खूण आहे, आणि तीत लाज वाटण्यासारखे काही नाही. जे कुलूप पंधरा वर्षे इमानाने चालले ते झिजणारच. जे मन संसारात वावरले त्याच्या कडा बोथट होणारच. वस्तूस आणि मनुष्यास एवढेच मागता येते की, अधूनमधून मूळ मापाशी त्याने आपणास ताडून पाहावे, आणि फरक फार पडला असेल तर मान डोलवून स्वस्थ बसू नये. ज्यांच्या दारी अशी जुनी गाडी उभी असेल त्यांनी आज खणातील ती न वापरलेली दुसरी किल्ली काढून एकदा लावून पाहावी.